पॅराशूट बांधणारे हात: सैन्यातल्या सेफ्टी इक्विपमेंटच्या कामाची मुंबईकरांसाठी सविस्तर माहिती

सैनिक विमानाच्या दारातून उडी मारतो तेव्हा त्याच्या पाठीवरचं पॅराशूट बहुतेक वेळा त्याने स्वतः बांधलेलं नसतं. ते बांधणारा माणूस जमिनीवर, एका लांबलचक टेबलापाशी, पुढच्या पॅराशूटच्या दोऱ्या मोजत असतो. ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेशच्या युद्धात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलला दुसरी पॅरा बटालियन पॅराशूटने उतरली. ही मुळात मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, म्हणून तिचं नाव आपल्याकडे अभिमानाने घेतलं जातं आणि ते घ्यायलाच हवं. पण त्या दुपारी उघडलेल्या प्रत्येक छत्रीच्या घड्या कुणीतरी घातल्या होत्या. त्या माणसांच्या कामाविषयी मराठीत फारसं लिहिलं जात नाही. मुंबईतल्या ज्या मुलामुलींचा हात शिवणकामात चालतो आणि ज्यांना गणवेशाची ओढ आहे, त्यांना हे काम काय आहे, त्यात शिरायचं कसं आणि आत गेल्यावर नेमकं काय करायचं हे कळावं म्हणून हा लेख.

काम नेमकं काय

आपल्या हवाई दलात आणि नौदलाच्या हवाई शाखेत या कामाला सेफ्टी इक्विपमेंट म्हणतात. पॅराशूट हा त्याचा सगळ्यात ठळक भाग, पण तेवढंच काम नसतं. वैमानिकाच्या अंगावर आणि आसनाखाली जीव वाचवण्यासाठी जे जे असतं, ते सगळं याच सेक्शनच्या ताब्यात येतं: हेल्मेट, ऑक्सिजन मास्क, जी-सूट (तीव्र वळणांत रक्त पायांकडे उतरू नये म्हणून फुगणारा पोशाख), लाइफ जॅकेट, फुगवायची रबरी होडी म्हणजे डिंगी, संकटात सिग्नल पाठवणारा बीकन, समुद्रात रंग सोडणारी पुडी, जगण्यापुरत्या सामानाचा संच. लढाऊ विमान उतरल्यावर मागे सुटणारं ब्रेक पॅराशूटही याच जातीचं. सामान टाकायची मोठी पॅराशूट वेगळी आणि माणसांची वेगळी.

इजेक्शन सीटमधल्या स्फोटक काडतुसांचं काम मात्र त्यासाठी प्रशिक्षित असलेलीच माणसं करतात. तुमचा संबंध सीटमधल्या पॅराशूटशी आणि खालच्या सर्व्हायव्हल पॅकशी येतो. तरीही पहिल्याच दिवशी शिकवतात ते हे, की सीटच्या सेफ्टी पिना जागेवर आहेत याची खात्री केल्याशिवाय कॉकपिटमध्ये हातसुद्धा घालायचा नाही.

मुंबईत हे काम आपल्या अगदी शेजारी चालतं. कुलाब्याला आयएनएस शिक्रा हा नौदलाच्या हेलिकॉप्टरांचा तळ आहे. नौदलाचे मार्कोस कमांडो ज्या आयएनएस अभिमन्यूवर असतात तो तळही मुंबईतलाच, आणि मार्कोसना पॅराशूटने उडी मारता यावीच लागते. नागरी बाजूला जुहूहून मुंबई हायकडे तेलाच्या प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टरं जातात. त्यातल्या प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर लाइफ जॅकेट असतं आणि ते कुणीतरी तपासलेलं असतं. २८ जून २०२२ रोजी मुंबई हायजवळ हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, तेव्हा नऊ जणांपैकी चौघांचा जीव गेला. अशा घटनेनंतर जॅकेट, डिंगी, बीकन या वस्तू कागदावरची यादी राहत नाहीत.

शिरायचे रस्ते

पहिला रस्ता अग्निवीरवायूचा, म्हणजे हवाई दलाच्या अग्निवीर भरतीचा. वय साडेसतरा ते एकवीस. बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी असेल तर विज्ञान गटातून, नाहीतर इतर विषयांच्या गटातून अर्ज करता येतो. तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमाही चालतो. मुलांना १.६ किलोमीटर सात मिनिटांत धावावं लागतं, मुलींना आठ मिनिटांत. हवाई दलाचं एअरमेन सिलेक्शन सेंटर हार्बर लाइनवर कॉटन ग्रीनला आहे, त्यामुळे मुंबईच्या मुलांना चौकशीसाठी गाव सोडावं लागत नाही. निकष भरतीगणिक थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा.

एक गोष्ट आधीच समजून घ्या: ट्रेड, म्हणजे दलातलं कामाचं खातं, आपल्याला हवा तो मिळेलच असं नाही, तो दलाच्या गरजेप्रमाणे ठरतो. सेफ्टी इक्विपमेंट मिळालं नाही म्हणून खट्टू होणार असाल तर आताच विचार करा. सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांना कायम केलं जातं. हे गणित घरच्यांसमोर मांडूनच अर्ज भरावा. आई-वडिलांना कायम नोकरी आहे असं सांगून गेलेली मुलं पुढे फार अवघडतात.

दुसरा रस्ता नौदलाच्या अग्निवीर एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट) भरतीचा. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. सुरुवातीचं प्रशिक्षण ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथे होतं आणि त्यानंतर शाखा ठरतात. दोन्ही दलांत मुलींना प्रवेश आहे, आणि या कामात मुली मुलांपेक्षा कुठेही कमी पडत नाहीत.

तिसरा रस्ता गणवेशाशिवायचा. कानपूरचा पॅराशूट बनवणारा आयुध कारखाना १९४१ पासूनचा. ऑक्टोबर २०२१ पासून तो ग्लायडर्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. पॅराशूटचं संशोधन डीआरडीओच्या आग्र्याच्या प्रयोगशाळेत होतं आणि गगनयानच्या कुपीची पॅराशूटंही तिथेच घडली. मुंबईत राहून तयारी करायची असेल तर आयटीआयचा सुइंग टेक्नॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड चांगला पाया देतो. त्यापुढे ज्यांना कापडाच्या शास्त्रात शिरायचं आहे त्यांच्यासाठी माटुंग्याचं व्हीजेटीआय आणि वरळीचं ससमिरा आहे. घाटकोपरच्या बीटीआरए या कापड संशोधन संस्थेत कापडाची ताकद मोजण्याचं काम चालतं. गिरणगावाने या शहराला धाग्याची समज दिली, ती पार विझलेली नाही. पॅराशूट बांधणाऱ्याला इंग्रजीत 'रिगर' म्हणतात, पण डॉकयार्डच्या ॲप्रेंटिस भरतीत 'रिगर' असा ट्रेड दिसला तर तो जहाजावरची अवजड वजनं उचलण्याबांधण्याचा असतो, पॅराशूटचा नव्हे. अर्ज करण्यापूर्वी खात्री करा.

कॉलेजात असाल तर एनसीसी सोडू नका. एनसीसीच्या निवडक कॅडेटना आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पॅराशूटचा प्राथमिक कोर्स करायला मिळतो. हे स्कूल हवाई दल चालवतं. छत्री अंगावर घालून दारात उभं राहिलेल्या माणसाला ती बांधण्याची किंमत कुणी समजावून सांगावी लागत नाही. अमेरिकेच्या भूदलात तर रिगरला स्वतः पॅराशूटने उडी मारता येणं सक्तीचं आहे, आणि मला तो नियम पूर्णपणे पटतो.

घरी राहून हात तयार करणं

भरतीची वाट पाहताना चार गोष्टींचा सराव करा.

जाड कापडावर सरळ टीप मारायला शिका. घरच्या पायमशीनवर सुरुवात होईल, पण लवकरात लवकर हेवी मशीनवर बसा. धारावीतले बॅगांचे कारखाने, पावसाळ्याआधी ताडपत्री शिवणारी दुकानं, ट्रेकिंगच्या सॅक दुरुस्त करणारे कारागीर यांच्याकडे काही महिने हाताखाली काम मिळालं तर सोनं. सुई बदलायची कधी, वरच्या आणि खालच्या दोऱ्याचा ताण कसा जुळवायचा, नायलॉनचा दोरा तापला की का तुटतो, हे तिथे आपोआप कळतं. टीप सरळ आली की झिगझॅग आणि बारटॅक (जोड पक्का करणारी दाट टाक्यांची छोटी शिवण) शिका, कारण पट्ट्यांच्या जोडांना हेच लागतात.

पावसाची मोडकी छत्री घ्या आणि तिचं कापड तारांवरून उतरवा. पाकळ्या मोजा, प्रत्येक पाकळीला क्रमांक द्या, उसवा आणि पुन्हा त्याच क्रमाने शिवा. गोल पॅराशूटही अशाच पाकळ्यांचं असतं. सैन्यात चालणाऱ्या एका जुन्या प्रकारात त्या २८ असतात. हा निव्वळ हाताचा सराव आहे. स्वतः शिवलेल्या कुठल्याही गोष्टीवर माणसाचं वजन टाकायचं नाही, गंमत म्हणूनही नाही.

उसवायला शिका. दुरुस्तीत शिवण्याइतकाच वेळ उसवण्यात जातो आणि तिथे मूळ कापडाचा एकही धागा तुटता कामा नये. घाईने ओढलेला एक दोरा चांगल्या कापडाला भोक पाडतो.

आणि इंग्रजी तांत्रिक पुस्तिका वाचायची सवय लावा. शिवणयंत्राची, मिक्सरची, कशाचीही. एक ओळ वाचायची, तेवढंच करायचं, मग पुढची ओळ. ज्यांना आठवणीवर काम करायची सवय लागलेली असते त्यांना सेक्शनमध्ये पहिले महिने जड जातात.

पॅराशूट बांधणं, पायरीपायरीने

इथे गोल, माणसाच्या पॅराशूटची सर्वसाधारण पद्धत सांगतो. प्रत्येक प्रकाराची स्वतःची पुस्तिका असते आणि त्या प्रकारासाठी तीच शेवटचा शब्द. इथलं वाचून कुणीही छत्री बांधायची नसते. आत गेल्यावर काय दिसेल आणि ते तसं का करतात, हे कळावं एवढाच हेतू.

सगळ्यात आधी ओळख. छत्रीवरचा क्रमांक, हार्नेसवरचा, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्यांवरचा, क्रमांक आणि लॉग कार्डवरचा क्रमांक जुळतात का? बनवल्याची तारीख, वापराची मुदत, मागची बांधणी कधीची? यातलं एक जरी जुळलं नाही तरी छत्री टेबलावर येत नाही. त्याच वेळी अवजारं मोजून टेबलावर मांडायची: घड्या सपाट करायची पट्टी म्हणजे पॅडल, हुक, दोऱ्या वेगळ्या ठेवणारी फणी, कापडावर ठेवायच्या वजनाच्या पिशव्या, तात्पुरत्या पिना. तात्पुरत्या पिनेला लांब लाल फीत असते. अशी एखादी पिन आत राहून गेली तर छत्री उघडणार नाही, म्हणून ती नजरेतून सुटूच नये अशी तिची रचना. किती अवजारं घेतली हे लिहून ठेवा, कारण शेवटी तेवढीच परत मोजायची आहेत.

मग छत्री उंच टांगून झटकतात. गवत, माती, काटे, किडे खाली पडतात आणि आतली हवा फिरते. उतरताना शेतात पडलेल्या छत्रीत काय काय सापडतं हे पाहिल्यावर ही पायरी वेळकाढू वाटत नाही.

तपासणी वरून खाली होते. माथ्यावरचं भोक आणि त्यावरच्या आडव्या दोऱ्या, मग एकेक पाकळी उजेडासमोर धरून, मग खालची कडा, तिथून निघणाऱ्या दोऱ्या, दोऱ्यांना जोडणाऱ्या धातूच्या कड्या, रायझर म्हणजे दोऱ्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्या, हार्नेस, पिशवी, आणि छत्री उघडण्यासाठी ओढायची रिपकॉर्ड. डोळ्यांइतकाच बोटांचा उपयोग करा. घासून तापलेलं नायलॉन जागच्या जागी वितळून कडक होतं. ते दिसत नाही, पण बोटाला खरखरीत लागतं. दोरी दोन बोटांत धरून पूर्ण लांबीवर ओढत न्या. एखाद्या जागी ती पातळ लागली तर आतला गाभा तुटलेला असू शकतो. डाग दिसला तर तो कशाचा आहे हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण आम्ल नायलॉनला खाऊन टाकतं आणि बॅटरीच्या आम्लाचा डाग सुरुवातीला अगदी साधा दिसतो.

आता मांडणी. माथा टेबलाच्या एका टोकाला अडकवतात, हार्नेस दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये ताण देतात. दोऱ्यांचा क्रम इथे पक्का होतो. २८ दोऱ्यांच्या छत्रीत वर मध्यभागी १ आणि २८, खाली मध्यभागी १४ आणि १५ यायला हव्यात. या चार दोऱ्या छत्रीच्या कडेपासून हार्नेसपर्यंत कुठेही न ओलांडता सरळ गेल्या तर बाकीच्या जागेवर आहेत असं धरता येतं. नवीन पॅकरला ही तपासणी अनेकदा पुन्हा करायला लावतात. दोरी छत्रीच्या वरून आडवी गेली तर छत्रीचे दोन फुगे होतात, उतरण्याचा वेग वाढतो आणि ताणलेली दोरी कापड जाळतही जाते.

पाकळ्यांच्या घड्या घालताना दोन्ही बाजूंना सारख्या पडल्या पाहिजेत, २८ असतील तर १४ आणि १४. प्रत्येक पाकळी ओढून सपाट करायची, तिच्या पोटात हवा किंवा चुणी राहू द्यायची नाही, आणि मोजायची. मनातल्या मनात नको, मोठ्याने. बाजूचा माणूस ऐकत असतो.

दोऱ्या बॅगेवरच्या रबरी पट्ट्यांत किंवा फाशांत ठराविक लांबीच्या वळ्यांनी अडकवतात. याचं कारण समजलं की हातही नीट चालतो. उडी मारल्यावर आधी दोऱ्या पूर्ण ताणल्या जायला हव्यात आणि त्यानंतरच कापडात हवा भरायला हवी. क्रम उलटला तर छत्री एकदम फटकन् उघडते आणि माणसाला जबर झटका बसतो, कापड फाटण्याचीही भीती असते. रबर जुनं झालं असेल तर वळी आधीच सुटते. फार घट्ट असेल तर अडकून राहते. म्हणून रबराची पट्टी ही स्वस्तातली स्वस्त वस्तू असूनही तिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. हुक प्रत्येक वळीनंतर बाहेर काढून जागेवर ठेवायचा.

बंद करताना पाकिटाचे पल्ले ओढून घेतात, तात्पुरत्या पिना लावतात, मग खऱ्या पिना घालून तात्पुरत्या काढतात. त्यानंतर सील. सीलचा लाल दोरा मुद्दाम कमकुवत असतो, रिपकॉर्ड ओढल्याबरोबर तुटावा असा. तो अखंड दिसला की बांधल्यानंतर कुणी उघडलेलं नाही हे कळतं.

या सगळ्यात ठराविक टप्प्यांवर थांबून तपासनीसाला बोलवावं लागतं. तो पाहील, सही करेल, मगच पुढे. घाई असो, जेवणाची सुट्टी होऊन गेलेली असो, तपासनीस दुसऱ्या टेबलावर अडकलेला असो, थांबायचं. मनात बारीकशी शंका आली, म्हणजे त्या घडीला पाकळी मोजली की नाही, हुक कुठे ठेवला, तर छत्री पूर्ण उघडायची आणि पहिल्यापासून बांधायची. या कामाचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा नियम हाच. चांगला सेक्शन उघडणाऱ्याला कधी बोलत नाही. जिथे बोलतात तिथे वरिष्ठाने लक्ष घालायला हवं. गोल छत्री बरोबर उघडली तरी जुन्या टी-१० सारख्या प्रकारात माणूस सेकंदाला सुमारे सात मीटर वेगाने जमिनीला टेकतो. हा वेग साधारण अडीच मीटर उंचीवरून उडी मारल्यावर येतो तेवढाच. बांधणीतल्या चुकीला सामावून घ्यायला तिथे जागाच उरत नाही.

चौकोनी, पंखासारख्या पॅराशूटचा क्रम वेगळा असतो. तिथे ब्रेकच्या दोऱ्या बरोबर खुणेवर बसवणं आणि स्लायडर (दोऱ्यांवरून सरकत छत्रीचं उघडणं सावकाश करणारा कापडाचा चौकोन) अगदी वर थांब्याला टेकवणं या दोन जागांवर विशेष नजर लागते. स्लायडर खाली राहिला तर उघडतानाचा झटका फार मोठा असतो.

दुरुस्ती

दुरुस्तीत पहिला प्रश्न असतो तो करू नये अशी जागा कुठली. भार घेणारी पट्टी कापली गेली, तिची शिवण भाजली, धातूची कडी वाकली, तर ठिगळ लावायचं नाही, भाग बदलायचा. कापडावरच्या फाटण्याला पुस्तिका मर्यादा देते: किती लांबीपर्यंत, कडेपासून किती अंतरावर, एका पाकळीत किती ठिगळं. छोट्या भोकाला कधी रफू चालतं, कधी चालत नाही, आणि तेही पुस्तिकाच सांगते. मर्यादेबाहेर गेलं की छत्री रद्द. रद्द करताना हात अडखळतो, महागाची वस्तू असते, पण तुमचं मत इथे विचारलेलं नसतं.

ठिगळ घालायचं ठरलं तर फाटलेला भाग कापडाच्या विणीला समांतर चौकोनात कापतात, म्हणजे फाट पुढे पळत नाही. त्याच जातीच्या कापडाचा तुकडा घेऊन कडा आत दुमडतात, कच्ची टीप घालतात आणि मग पक्की. साध्या कापडावरच्या दुरुस्तीत एका इंचात साधारण सात ते अकरा टाके असतात. टाके कमी पडले तर जोड ढिला पडतो. फार दाट झाले तर सुईच्या भोकांची रांग तयार होते आणि कापड त्या रेषेवरच फाटतं, तिकिटाच्या छिद्रांसारखं. शेवटची टीप मागे फिरवून दुहेरी करायची. नायलॉनची पट्टी कापल्यावर टोक गरम चाकूने बंद करतात, पण वितळलेला कडक मणी तिथे राहू द्यायचा नाही; तो शेजारच्या कापडाला कापत राहतो.

जॅकेट, मास्क, हेल्मेट, डिंगी

लाइफ जॅकेट कोरड्या, तेलविरहित हवेने फुगवून ठरलेला वेळ तसंच ठेवतात आणि दाब किती उतरला ते पाहतात. कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर वजन करून तपासतात: त्यावर कोरलेलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळलं पाहिजे. नुसता हलवून भरलेला आहे की नाही हे सांगणारा माणूस मला सेक्शनमध्ये नको वाटतो. तोंडाने फुगवायची नळी, शिट्टी, दिवा, दिव्याची मुदत, सगळं कार्डवर. हेलिकॉप्टरमधली जॅकेटं हातानेच फुगवायची असतात, पाण्यात पडताच आपोआप फुगणारी चालत नाहीत. पाण्यात पडलेलं हेलिकॉप्टर बहुधा उलटतं, आणि फुगलेलं जॅकेट माणसाला केबिनच्या वरच्या बाजूला चिकटवून ठेवतं. दार खाली राहतं. प्रवाशांना ही गोष्ट प्रत्येक वेळी समजावून सांगावी, त्यांना कंटाळा आला तरी.

ऑक्सिजन मास्कजवळ तेल, ग्रीस, व्हॅसलीन काही येता कामा नये, कारण ऑक्सिजनच्या संगतीत तेल पेट घेऊ शकतं. मास्क चेहऱ्यावर बसतो की नाही हे त्या त्या वैमानिकावर तपासायचं. वजन कमी-जास्त झालं, दाढी ठेवली, की आधी नीट बसणारा मास्कही गळू लागतो. हेल्मेटच्या काचेवरचा बारीक ओरखडा उन्हात मोठा त्रास देतो. जी-सूटच्या पोटऱ्या, मांड्या आणि पोटावरच्या पिशव्या फुगवून पाहायच्या, आणि चेन पूर्ण लागते का तेही.

आता बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर चालतात. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या सिग्नलवर उपग्रहांनी लक्ष ठेवणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झालं आहे. म्हणून बीकनची नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि बॅटरीची मुदत किती, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तो पॅकमध्ये घालू नका.

मुंबईची हवा

मुंबईतल्या सेक्शनला बाहेरच्या शत्रूइतकीच हवेशी लढाई करावी लागते. जून ते सप्टेंबर दमट हवेत कापड नुसतं टेबलावर पसरलं तरी ओल धरतं. ओलसर छत्री बांधली तर आत बुरशी येते, धातू गंजतो, घड्या एकमेकींना चिकटतात. खोलीत डीह्युमिडिफायर चालू ठेवा आणि आर्द्रतामापकाचा आकडा रोज वहीत लिहा, यंत्र चालू आहे म्हणून गृहीत धरू नका. छत्री वाळवायची ती सावलीत, हवेशीर जागी. ऊन लागल्याने नायलॉनची ताकद कमी होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

समुद्रात भिजलेली वस्तू मिळेल तितक्या लवकर गोड्या पाण्याने धुवा, खूप पाण्याने, आणि पुन्हा धुवा. मीठ सुकलं की त्याचे बारीक खडे विणीत बसतात आणि प्रत्येक हालचालीला धागा घासतात. कुलाब्याच्या खाऱ्या वाऱ्यात न भिजलेल्या पिशवीच्या कड्यांवरही पांढरी, हिरवट पूड येते. पावसाळ्यात तपासणीचा क्रम उलटा करून आधी धातूचे भाग पाहणं मला उपयोगी वाटत आलं आहे.

बांधून ठेवलेली छत्रीही कायम चांगली राहत नाही. अमेरिकेत नागरी वापराची नायलॉनची पॅराशूटं १८० दिवसांनी पुन्हा बांधावी लागतात, रेशमासारख्या नैसर्गिक धाग्याची ६० दिवसांनी. आपल्या दलांत प्रत्येक प्रकाराची मुदत त्याच्या पुस्तिकेत असते. मुदत संपलेली छत्री उत्तम दिसत असली तरी ती बांधलेली धरत नाहीत.

नोंदी

लॉग कार्डवर तारीख, काम, भाग बदलला असेल तर त्याचा क्रमांक, आणि सही. अक्षर वाचता आलं पाहिजे. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून शेजारी नव्याने लिहायचं आणि आद्याक्षरं घालायची. पांढरी शाई कुठेही नको. कार्ड काम झाल्याबरोबर भरायचं, दिवस संपल्यावर सगळी एकदम भरायची नाहीत. दुसऱ्याने बांधलेल्या छत्रीवर मित्र म्हणून सही करायला कुणी सांगितलं तर स्पष्ट नाही म्हणा, तो कितीही वरचा असला तरी. त्या सहीवर पुढे एक माणूस दारातून उडी मारणार असतो, आणि प्रशिक्षणाच्या उड्या साधारण १,२५० फुटांवरून होतात. तिथून विचार करायला त्याच्याकडे काही सेकंदच असतात.

सेवा संपल्यावर

चार वर्षांनंतर कायम झाला नाहीत तर हातात काय उरतं, हा प्रश्न घरून हमखास येतो. सेवानिधीची, म्हणजे सेवेच्या काळात साठलेल्या निधीची, रक्कम मिळते. कौशल्याचं म्हणाल तर विमान कंपन्या आणि विमानदुरुस्तीच्या कारखान्यांत लाइफ जॅकेट, घसरगुंडीसारखे आपत्कालीन स्लाइड, राफ्ट यांची शॉप असतात. मुंबईत सांताक्रूझच्या जुन्या विमानतळाच्या, कालिन्याच्या बाजूला विमानदुरुस्तीचं मोठं काम चालतं. तेलाच्या प्लॅटफॉर्मना आणि जहाजांना जॅकेटं-राफ्ट तपासून देणाऱ्या सर्व्हिस स्टेशनना अशीच माणसं लागतात. उंचावर काम करणाऱ्यांचे सेफ्टी हार्नेस बनवणारे आणि तपासणारे कारखाने आहेत. कुठेही जा, पहिल्या मुलाखतीत तुमच्याकडे कोणत्या प्रकारच्या उपकरणांवर काम केल्याचं आणि कोणते कोर्स केल्याचं लेखी प्रमाणपत्र आहे हेच विचारतील. ते सेवेत असतानाच मागून घ्या, प्रत्येक कोर्सनंतर एक प्रत घरी ठेवा, आणि सुट्टीच्या अर्जाइतक्याच चिकाटीने त्याचा पाठपुरावा करा. नंतर युनिट बदलतं, कारकून बदलतो, आणि कागद काढायला महिने लागतात.